पुरा

गावात सात खांब, बिडाचे, रॉकेलच्या काळातले.
वरच्या कंदिलात आता पिवळा बल्ब.
दिवाबत्तीवाल्याची शिडी टेकायची आडवी दांडी अजून आहे,
तिला पोरं लोंबकळतात.

ग्रामसेवक म्हणाले, नावं लावायची. काचेची.
रात्री दिसली पाहिजेत.
अंदाजपत्रकात दुरुस्तीचा रकाना नव्हता.

मी फोटो मढवते बाजारच्या दिवशी:
देव, लग्नं, गेलेली माणसं.
मला एवढंच ठाऊक की काच फुटते,
आणि ती कोणी फोडली हे विचारण्यात
दिवस जातो.

अख्खं नाव एका काचेवर घातलं
तर एका दगडात मोहल्ला निनावी.
म्हणून अक्षराला एक काच.
माप माझ्या दुकानातलंच, पाच बाय सात,
गेलेल्या माणसाला लागतं ते.
त्यासाठी तालुक्याला जावं लागत नाही.

पुट्टी नको. पुट्टीचा दगड होतो,
फुटकी काढताना शेजारचीही जाते.
पत्र्याची खाच, सायकलच्या ट्यूबची पट्टी,
वर कानाचा नट, नुसत्या बोटांनी फिरणारा.
आणि दोन सूत मोकळी जागा,
कारण मे महिन्यात इथे लोखंडही
हातपाय पसरून झोपतं.

रंग मागून द्यायचा, पाऊस लागू नये म्हणून.
मागून म्हणजे उलटं.
महिनाभर उकाराची शेपटी भलतीकडे वळवत राहिले,
हिशेबाच्या वहीतही एकदा वळली.
शिरोरेषा मात्र कडेपासून कडेपर्यंत,
काचा शेजारी उभ्या राहिल्या की जुळेल अशी.

तेलीपुरा, माळीपुरा, भोईपुरा, कोष्टीपुरा.
गवळीपुऱ्याला एक काच जास्त, त्याची पेटी वीतभर लांब.
रंगवता रंगवता कळलं,
पु आणि रा सगळ्यांचे तेच.
जास्तीच्या काचा त्या दोनच केल्या,
पंचायतीच्या कपाटात ठेवल्या
कापसाच्या भावाच्या पानात गुंडाळून.

वायरमन दमडूजींनी विचारलं,
"कोष्टीपुऱ्यातला फुटला त भोईपुऱ्याचा लावाचा का?"
"व्हय."
"मंग काचेले समजत नाई म्हना
थो रा कोनाचा होय थे."
आणि न लागलेली पक्कड खिशात घातली.

पंधरवड्यात पहिला दगड.
गुल्लेर लेकेशची, नेम वटवाघळाचा.
माळीपुऱ्याचा रा गेला.
आजोबांनी त्याला कान धरून आणलं.
म्हटलं, कान सोडा, हात लागतील.
दांडीवर उभं राहून, जीभ बाहेर काढून
त्यानंच नवा रा बसवला.
शिरोरेषा बोटभर खाली उतरली.
"सरळ करू का मावशी?"
राहू दे म्हटलं.
तो आता येताजाता तिकडे बघतो.

सातवा खांब नाल्यापलीकडे.
यादीत जुनं नाव होतं, मी लिहायला घेतलं.
बेबीनंदाबाईंनी यादी पालथी घातली.
"थे नाव आमी घेतलं नोतं. आमाले देलं होतं."
ब्रश तसाच डब्यात ठेवला.
नवं कोणतं, यावर तीन बैठका झाल्या,
शीलरत्नचं एक, म्हाताऱ्यांचं एक,
बायांचं कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं.
"तवरोक काय करू?"
"कोऱ्या ठेव."

त्या रात्री बटण दाबलं.
आधी दोन कोऱ्या काचा, मग पु, मग रा.
रंग नाही म्हणून उजेड अडत नाही,
थेट नाल्याच्या फरशीवर पडतो.
शीलरत्नची धाकटी पहिलीत आहे.
तिनं बोट ठेवून वाचलं, पुरा.
"काय पुरा?"
सगळे वर बघत राहिले.

चौथी बैठक रविवारी.
मी काचा कापून ठेवल्यात, दोन,
आणि एक वरची.
त्या पेटीच्या डाव्या अंगाला रिबेट मारलेलं नाही,
पत्रा नटावर ठेवलाय.
अक्षरं जास्त निघाली
तर सरकवता येईल.